अबोलीची तार

भूल उतरताना रेवती खाडेला सगळ्यात आधी दिसलं ते धुकं. करूळ घाटाच्या वळणांवर सकाळी दरीतून सावकाश वर चढतं, तसं ते तिच्या बरगड्यांखाली भरून राहिलं होतं आणि मांड्यांपाशी येऊन विरत होतं. त्या धुक्यात आपलं पोट आहे की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. पलीकडे पाय मात्र होते. ओळखीचे, जरा गार पडलेले.

“अंगठे हलवा बघू,” कुणीतरी म्हणालं.

तिनं हलवले.

“आता श्वास घ्या. खोल, अगदी पोटातून.”

तिला धास्ती वाटली. उजव्या बरगडीखालून आडवं चिरून आतलं अर्ध्याहून जास्त यकृत काढून घेतलंय, एवढं तिला आठवत होतं. तिनं जपून श्वास घेतला, मग आणखी खोल घेतला. फार लांब, दरीच्या तळाशी, एखादा दगड सुटून गडगडत गेल्यासारखं वाटलं. बास, एवढंच.

“दुखतंय?”

“नाही.”

“थोडंसुद्धा?”

“कुठं दुखायला पाहिजे, ते पण कळंना झालंय मला.”

डॉ. शमा मुजावर हसल्या. कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांचा विभाग त्यांच्याकडे होता. त्यांची उमेदीची वर्षं लोकांचं कण्हणं ऐकण्यात गेली होती, त्यामुळं असलं उत्तर ऐकलं की त्यांना अजूनही लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. पलंगाच्या कडेला एक छोटी पेटी टांगलेली होती आणि तिच्यावर नारिंगी दिवा मंद जळत होता. त्या रंगावरून, आणि वेदनेला बोलूच देत नाही म्हणूनही, पेशंट लोकांनी तिचं नाव अबोली पाडलं होतं. कंपनीनं दिलेलं लांबलचक नाव आता डॉक्टरांच्याही तोंडी येत नसे.

पूर्वी अशा मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या दोन मणक्यांमधून सुई घालून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी अरुंद जागा असते तिथं एक बारीक नळी सोडत. तिच्यातून बधिर करणारं औषध झिरपत राही आणि पोटाकडून मेंदूकडे निघालेल्या वेदनेची वाट अडवी. साधलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. पण साधेलच असं नव्हतं. नळी जरा सरकली की एकच बाजू बधिर व्हायची, दुसरी पेटलेली राहायची. औषध जास्त झालं की रक्तदाब उतरायचा, पाय ओंडक्यासारखे पडायचे. अबोली ही त्याच नळीची नात म्हणायची. तिची तार दोऱ्याएवढी, मऊ, आणि तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी धातूची कडी. ही कडी आधी नुसती ऐकत. मज्जारज्जूतून सतत धावणाऱ्या संदेशांमधले वेदनेचे कुठले, स्पर्शाचे कुठले, चालण्याचे कुठले, हे ती वेगवेगळं ओळखत. आणि वेदनेचा संदेश आला की उलटी लहर सोडून त्याला तिथल्या तिथं विझवत. औषध लागलंच तर टाचणीच्या डोक्याएवढं. बाकीची वाहतूक सुरळीत. त्यामुळं पोट चिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठून खिडकीत चहा पीत बसायचा.

गंमत एकच होती. पोटाकडून बातमीच येईनाशी झाली की मेंदूला ती रिकामी जागा बघवत नसे. तो ती आपल्या मनानं भरून काढी. कुणाला तिथं तळं जाणवे, कुणाला वाऱ्यावर हलणारा ऊस. एका म्हाताऱ्या पैलवानाला म्हणे आखाड्याची लाल माती लागली होती, तेल घातलेली, गार. रेवतीला धुकं मिळालं, कारण तिची नोकरीच धुक्यातली. गगनबावडा आगारात ती एसटीची ड्रायव्हर होती. विजेवरच्या, आवाज न करणाऱ्या गाड्या ती घाटातून कोकणात उतरवायची आणि परत वर आणायची.

यकृत तिनं भावाला दिलं होतं. संग्राम तिच्याहून मोठा. कोल्हापुरात त्याचा भरला संसार, आई त्याच्याकडेच. रेवती एकटी, आगाराच्या क्वार्टरमध्ये. भावाबहिणीचं भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. वडील गेल्यावर बोलणं पातळ होत होत भाऊबीजेच्या फोनपुरतं उरलं, आणि त्या फोनवरही दोघं पावसापाण्याचं बोलून गप्प व्हायची.

मग संग्रामचं पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले. यकृत सुकत चाललंय, बदलावंच लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. तेव्हा आई एकटीच एसटीत बसून गगनबावड्याला आली. रेवतीनं केलेला चहा तिनं हातात धरून ठेवला.

“आता दुखत न्हाई म्हणत्यात गं,” आई म्हणाली. “ती तार घालत्यात पाठीत. आठ-पंधरा दिवसांत माणूस पहिल्यासारखं. राहिलेलं आतल्या आत परत वाढतंय म्हणं.”

“ठाऊक आहे मला.”

“मग झालं तर. दुखत तर न्हाई.”

हे वाक्य त्या दिवसांत घरोघरी ऐकू येत होतं. पूर्वी नाही म्हणायला माणसाजवळ एक सरळ कारण असे: मला भीती वाटते, मला सोसवणार नाही. त्यावर कुणी फार बोलत नसे. आणि हो म्हणणाऱ्याच्या पायावर अख्खं घर डोकं ठेवी. अबोलीनं दोन्ही नेलं. अवयव देणारे वाढले, मरणाच्या दारातली माणसं घरी परतली, हे खरंच. पण देण्याचं वजन कुठंतरी हलकं झालं.

हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंनी तिला एकटीला बसवून विचारलं होतं, “तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? नको असेल तर नुसती मान हलवा. तुमच्या तपासणीत काहीतरी निघालं असं आम्हीच घरच्यांना सांगू.”

नाही म्हणायचं दार उघडं होतं, रेवतीनं बाहेर पडावं एवढंच. मग तिला वाटलं, दादा गेला तर भाऊबीजेला पावसापाण्याचं विचारायलासुद्धा कुणी उरणार नाही. एवढंच मनात आलं, आणि तेवढं पुरलं.

“मी देणार आहे,” ती म्हणाली.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस तिला पुढं कधी नीट वेगळे करता आले नाहीत. सकाळचं ऊन पडद्यातून यायचं आणि तिच्या पोटातल्या धुक्यात शिरून सोनेरी व्हायचं. ती उठायची, व्हरांड्यातून चालायची. पावलं पडायची, पण मधलं शरीर तरंगत पुढं जायचं, ढगाला पाय फुटल्यासारखं. नर्स पेटीकडे बघायच्या, नारिंगी दिवा स्थिर असायचा, आणि त्या पुढच्या खोलीत जायच्या. तिला कुणी काही विचारायचंच कारण नव्हतं.

सगळे होते ते संग्रामच्या खोलीत.

त्याला अबोली घालता आली नव्हती. यकृत बिघडलेल्या माणसाचं रक्त लवकर गोठत नाही. पाठीत सुई घातली आणि तिथं रक्त साचलं, तर मज्जारज्जू दाबला जाऊन पायच जायचे. म्हणून त्याला शिरेतून जुनी औषधं चालू होती. ती दुखणं बोथट करत, पुसत नसत. नवं यकृत झकास चालायला लागलं, डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, पण तो कूस बदलताना ओरडे आणि आईचा जीव कासावीस होई. वहिनी घर, मुलं आणि हॉस्पिटल अशी तिन्हीकडे पळत होती.

“रेवती, जरा बस त्याच्यापाशी,” एक दिवस आई तिच्या दारात उभी राहून म्हणाली. “मी दोन घास खाऊन येतो. तू चालतीस-फिरतीस, तुला काय झालंय!”

रेवती पेटी खांद्याला अडकवून गेली.

संग्राम डोळे मिटून पडला होता. कपाळावर घाम होता. ती बसल्याचं कळल्यावर त्यानं डोळे उघडले.

“पाऊस आहे का बाहेर?” त्यानं विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

“नाही. ऊन पडलंय.”

“तुला खरंच दुखत नाही?”

“नाही.”

“मग काय होतं तिथं? नुसतं बधिर?”

“बधिर नाही.” तिनं शब्द शोधले. “धुकं आहे. सकाळी पहिली गाडी घेऊन घाटात शिरले की असतं ना, तसं. समोरचं वळण दिसत नाही, पण आहे हे माहीत असतं. काचेवर बारीक थेंब. झाडं अचानक जवळ येतात आणि मागं जातात. मधेच कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज येतो. गाडी आवाज करत नाही, त्यामुळं तेवढं एकच ऐकू येतं.”

“मग?”

“मग हळूहळू खाली उतरत जायचं.”

ती बोलत राहिली. कुठल्या वळणावर धुकं पातळ होतं, कुठं एकदम कोकणातला दमट वास येतो, खालची कौलं कशी पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की त्याच्या मुठी सैल झाल्यात. तो झोपला होता. आई परतली तेव्हा दारातच थबकली. शस्त्रक्रियेनंतर तो असा पहिल्यांदाच झोपला होता.

मग रोज दुपारी ती जायची. तो म्हणायचा, “कुठपर्यंत आलो होतो?” आणि ती तिथून पुढं सुरू करायची. कधी तोच सांगायचा. “माझ्याकडं धुकं नाही. उसाच्या पाचटाला आग लागल्यागत आहे. पण नवीन जे आहे ना आत, ते गार आहे बघ. तेवढ्या जागेवर हात ठेवून मी पडतो.” ते नवीन म्हणजे तिचंच होतं.

अशाच एका दुपारी, कौलांपाशी पोचता पोचता, रेवतीचा उजवा खांदा ठणकला.

रात्री वाकडी झोपले असेन, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणका होताच. खांद्याच्या टोकाला, आत कुठंतरी, बोट ठेवता येणार नाही असा. तिनं नर्सला सांगितलं. नर्सनं पेटी बघितली. “अबोली शांत आहे, ताई. टाक्यांचं काही नाही. स्नायू आखडला असेल.” आईनं बाम दिला. “वात असंल. जा, त्याला तेवढं सूप भरव, माझ्या हातनं घेत न्हाई त्यो.”

रेवतीनं सुपाची वाटी उचलली. शेजारी भाऊ तळमळत असताना, ज्याला दुखतच नाही त्यानं खांद्याची काय रड सांगायची? धुकं आता पहिल्यासारखं सोनेरी नव्हतं. करडं, दाट झालं होतं, आणि तिला थोडी हुडहुडी भरत होती. पण तो मनाचाच खेळ म्हणून तिनं सोडून दिलं.

तिनं सुपाचा चमचा पुढं केला. संग्रामनं तोंड उघडलं नाही. तो तिच्या हाताकडं बघत होता.

“डाव्या हातानं का भरवतीस?”

“असंच.”

“उजवा वर कर.”

“दादा, सूप गार होतंय.”

“श्वास घे. मोठा घे, माझ्याकडं बघून.”

तिनं घेतला. अर्ध्यातच तो अडकला आणि तिचं तोंड वाकडं झालं. क्षणभरच, मग तिनं ते सरळ केलं.

“हे तोंड मला ठाऊक आहे,” संग्राम म्हणाला. “एवढे दिवस मी दुसरं काय करतोय? तुला दुखतंय, रेवती.”

त्यानं बेल दाबली आणि बोट तिथंच ठेवलं. नर्स आली, पेटीकडे बघून समजूत घालायला लागली, तसा तो एका हातानं पोटावरचे टाके धरून पलंगावरून उठायलाच निघाला. “पेटीला विचारू नका!” तो ओरडला. “तिला विचारा! नाहीतर मुजावर बाईंना बोलवा, नाहीतर मी असाच चालत जातो त्यांच्याकडं!” त्या ओरडण्यानं त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं, पण बेलवरचं बोट निघालं नाही.

डॉ. मुजावर आल्या. खांद्याचं टोक हे शब्द ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्यांनी रेवतीच्या कपाळाला हात लावला. अंगात ताप होता.

सोनोग्राफीच्या खोलीकडे नेताना त्यांनी चालता चालता तिला सांगितलं. यकृत असतं श्वासाच्या पडद्याला लागून. त्या पडद्याची नस पाठीतून निघत नाही, मानेतून निघते. बाळ पोटात घडताना हा पडदा मानेपाशी तयार होतो आणि आपली नस बरोबर घेऊन खाली उतरतो. त्यामुळं पडद्याखाली काही बिनसलं की बातमी मानेच्या वाटेनं वर जाते आणि मेंदू फसतो. त्याला वाटतं, खांदाच दुखतोय. अबोलीची तार पाठीच्या मध्यावर. वरून जाणाऱ्या त्या वाटेवर तिचा पहाराच नव्हता.

“म्हणजे पोटच दुखत होतं माझं?” रेवतीनं विचारलं.

“केव्हापासूनच. अबोली त्याला बोलू देत नव्हती. टाके, जखम, सगळ्यांसारखंच तेही तिनं गप्प केलं. आणि आम्ही तिच्याकडे बघत बसलो.”

यकृत कापलेल्या कडेवरून पित्त झिरपत होतं आणि पडद्याखाली साचलं होतं. बरगड्यांखालून एक नळी घालून त्यांनी ते बाहेर काढलं. आणखी उशीर झाला असता तर विष सगळ्या रक्तात गेलं असतं. शरीरात जंतू शिरले असताना पाठीतली तार ठेवणं धोक्याचं. ते तिच्या आधारानं मज्जारज्जूपर्यंत पोचू शकतात. अबोली काढावी लागली. रेवतीला पाठीवर एखादा केस ओढल्यासारखं वाटलं, आणि दिवा विझला.

धुकं लगेच गेलं नाही. ते कडेकडेनं उचललं जाऊ लागलं, आणि खालून रस्ता दिसायला लागला. आधी एक वळण, मग दुसरं, मग सगळी दरी, खडकासकट. आपल्या शरीरात एवढं काही झालं होतं, हे तिला तेव्हा कळलं. शिरेतून औषधं चालू होती, ती असून हे असं. नसती तर कसं असतं, याचा विचार तिनं केला नाही. ती पलंगाची कड धरून पडून राहिली आणि तिच्या तोंडून आवाज निघायला लागला. तो आवाज आपला आहे, हेही तिला जरा उशिरा कळलं.

आई दारात उभी होती. हातात संग्रामसाठी आणलेला डबा.

“एवढं?” आई म्हणाली. “एवढं दुखतं व्हय गं?”

आईनं डबा खाली ठेवला आणि स्टुलावर बसली. या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं लेकीच्या पायांवर हात ठेवला आणि तो फिरवत राहिली, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, परत घोट्यापर्यंत.

“मला वाटलं, दुखत न्हाई म्हंजे काय झालंच न्हाई,” हात न थांबवता ती म्हणाली. त्या दिवशी संग्रामचा डबा वहिनीनं नेला.

ताप उतरल्यावर डॉ. मुजावर आल्या. नेहमीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.

“तुम्हाला अबोली दिली ते चुकलं, असं वाटतं का तुम्हाला?”

रेवतीनं विचार केला. त्या धुक्याची तिला अजून आठवण येत होती, आणि खरं सांगायचं तर ते परत मिळालं असतं तर तिनं दोन्ही हातांनी घेतलं असतं.

“द्यायचीच,” ती म्हणाली. “असलं दुखणं कुणाला नको. माझ्यामागून येईल तिलाही द्या. फक्त पेटीबरोबर तिलाही रोज विचारत जा. आणि घरच्यांना सांगा.”

“काय सांगू?”

“की तिला कळत नाही, पण तिचं पोट चिरलंय.”

जाताना डॉक्टरांनी विचारलं, “आज खांदा कसा आहे?” आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. छातीत कफ साठतोय, खोकून बाहेर काढायला हवा, असं ती सांगत होती. रेवती मानच हलवेना. खोकायच्या नुसत्या कल्पनेनं तिचं अंग चोरलं जात होतं. तेवढ्यात वॉकर टेकत, पाय ओढत संग्राम आत आला. बगलेत त्यानं एक उशी दाबून आणली होती.

“तुम्ही राहू द्या, ताई,” तो त्या मुलीला म्हणाला. “यातलं मला कळतं.”

तो पलंगाच्या कडेवर टेकला. उशी त्यानं रेवतीच्या पोटावर ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरून त्या उशीवर दाबले.

“घट्ट धर. टाके उकलतील असं वाटतं, पण उकलत नाहीत. गुडघे जरा वर घे. हां. आता दोन छोटे श्वास, आणि तिसऱ्याला खोकायचं. मधे थांबायचं नाही, थांबलं की जास्त लागतं.”

“दादा, मला नाही जमायचं.”

“मी आहे की. धर. एक...”

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं आता स्वच्छ पांढरं होतं. त्यानं तिच्या हातांवर आपले हात दाबून धरले होते, आणि तो स्वतःच श्वास रोखून बसला होता.

“दोन...”

ती आधीच खोकली. आणि “आई गं!” म्हणून ओरडला तो दादा.